अर्थ कमी पडतोय

४ एप्रिल, शुक्रवार

बोलत नाही तर निदान लिहा, असं आचलनं सांगितलं. आचल माझी मुलगी, नागपूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे दिसेल त्याला इलाज सांगत सुटते. तेरवीला आली होती तेव्हा ही डायरी माझ्या उशाशी ठेवून गेली. आज उघडली.

लिहिण्यासारखं विशेष नाही. आईची तेरवी होऊन पंधरवडा झाला. कौंडण्यपूरला जाऊन डोकं भादरलं, वर्धा नदीत राख सोडली. भाऊ सहदेव सोबत होता, तो ढसाढसा रडला. मी त्याचा टॉवेल धरून उभा होतो. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. भूक लागते, झोप लागते, चहात साखर कमी असली तर कळतं. लोक म्हणतात, देवराव मनाचा घट्ट. घट्ट कसला? मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो, तसा मी आख्खा झोपलोय, एवढंच.

एक मात्र आहे. फोन आला आणि पलीकडून कोणी "माय कशी आहे?" असं विचारलं की मी फोन संध्याला, म्हणजे बायकोला देतो. त्याच्यापुढचं वाक्य मला बोलता येत नाही. घशात दाटतं म्हणावं तर तसंही नाही. नुसतं निघत नाही. संध्या सांगते, तिला जमतं.

आईला मी माय म्हणायचो. लिहायला बसलं की आई येतं, ती शाळेची सवय.

७ एप्रिल, सोमवार

आज शेड उघडली. घराच्या अंगणातच टिनाची शेड आहे, तिच्यात मी वेल्डिंगची कामं करतो. गेट, खिडक्या, जिन्याचे कठडे, आणि उन्हाळा लागला की कूलरचे स्टँड. एप्रिल लागला की अमरावतीत माणसाला आधी कूलर आठवतो, मग देव. शेजारच्या बेबीताईंचा स्टँड तेरवीच्या आधीपासून राहिला आहे. त्यांचा फुलांचा धंदा. "तुमचं होऊ द्या सावकाश," म्हणतात आणि दिवसातून एकदा कुंपणावरून डोकावून जातात.

सकाळी मेन स्विचपाशी हात आपोआप थांबला. घरात नियम होता, आईची तुळशीची पूजा होईस्तोवर मशीन लावायचं नाही. पूजा झाली की ती तिथूनच मोठ्यानं म्हणायची, "देवा, पाजलं रे बा." देवाला हजेरी देऊन झाली की मग माझं काम सुरू. आज मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. कशाची वाट पाहतोय ते लक्षात आलं तेव्हा उठलो आणि मेन वर केला.

संध्या नेहमीसारखी मदतीला होती. मी वाकून रॉड मारतो, ती मशीनच्या डोक्यावरचं लोखंडी हँडल फिरवून करंट कमीजास्त करते. आज तिनं हँडलला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"झिणझिणलं," म्हणाली.

मी हातमोजा काढून मशीनवर तळहात ठेवून पाहिला. काही नाही.

"मले त काही लागत नाही."

"तुमाले आजकाल कशाचंच काही लागत नाही," ती म्हणाली आणि दुपट्ट्याचा पदर हाताला गुंडाळून हँडल फिरवायला लागली.

८ एप्रिल, मंगळवार

पुन्हा झिणझिणलं म्हणते. टेस्टर लावला तर मशीनच्या बॉडीवर दिवा मिणमिणला. जुनं मशीन आहे, दोन फेजवर चालणारं, तांब्याच्या वाइंडिंगचं. अशा मशीनला थोडंफार असतंच. तरी बायको म्हणते तर पाहू.

आमच्या धंद्यात दुखणं शोधायची रीत सोपी आहे. एकेक वस्तू बाजूला काढत जायची. जी काढल्यावर दुखणं थांबेल, ती चोर. आधी रॉड धरायचा होल्डर पाहिला. मूठ तडकली होती, बदलली. मग अर्थ पाहिला. जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, जो चिमटा लावतात त्याला आम्ही वेल्डर लोक अर्थच म्हणतो. चिमट्याची स्प्रिंग ढिली पडली होती आणि वायर आतून काळी झाली होती. नवा अर्थ लावला. आर्क लोण्यासारखा चालायला लागला. म्हटलं, सुटलो.

दुपारून संध्याला पुन्हा लागलं.

आज तिनं आईच्या वस्तू आवरल्या. तुळशीच्या मागे फरशीतून एका पाइपचं तोंड वर आलेलं आहे, त्यावर आई स्टीलची एक वाटी पालथी घालून ठेवायची. संध्यानं ती वाटी घासून भांड्यांत लावली. "हे तिथं कायले ठेवत होत्या?" म्हणाली. आईच्या नाना तऱ्हा, म्हटलं.

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. चौकातल्या भोंग्यामुळं गिऱ्हाईक फिरकलं नाही, म्हणून मशीन उघडलं. आत धूळ, लोखंडाचा भुगा आणि एका कोपऱ्यात उंदरानं कापसाची गादी केलेली. सगळं हवेनं उडवलं. मग वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये सिरीजचा बल्ब लावून पाहिला. वाइंडिंग बॉडीला चिकटलं असेल तर बल्ब पेटतो. पेटला नाही. म्हणजे वाइंडिंग निर्दोष. नटबोल्ट आवळले, झाकण लावलं.

हे करत असताना बरं वाटत होतं, असं म्हणता येणार नाही. पण काही वाटलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. मशीन माणसाला "कसं वाटतं?" असं विचारत नाही.

संध्याकाळी संध्यानं बोटाची पाठ टेकवून पाहिली. "आहेच," म्हणाली.

१६ एप्रिल, बुधवार

उन्हानं अंगण फाटायला लागलं. काळी माती, तिला एवढं निमित्त पुरतं. फरशीच्या कडेला बोट जाईल अशा भेगा पडल्यात. नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे संध्या तुळशीला तांब्याभरच पाणी घालते. आई आख्खी बादली घेऊन जायची. "एवढ्याशा झाडाले बादली कायले पायजे?" असं मी म्हणायचो, तर म्हणायची, "तुळस पिते तांब्याभर. बाकीचं ज्याचं त्याले."

काम थांबवता येत नाही. सध्या असं चाललंय की संध्या रबरी चप्पल घालते, कोरड्या फडक्यानं हँडल धरते आणि फिरवलं की लगेच सोडते. मी म्हटलं, हा बी उपायच आहे. ती म्हणाली, "हा उपाय नाही, ही आपली लाचारी आहे." बेबीताईंचा स्टँड झाला. त्यावर चार पिवळ्या झेंडूंची माळ बांधून त्या घेऊन गेल्या.

२१ एप्रिल, सोमवार

मशीन मालवाहू ऑटोत घालून अकोल्याला गेलो. अमरावतीत वाइंडिंगवाले कमी नाहीत, पण हे मशीन बांधलेलं भगवंतरावांनी. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. मी वेल्डिंगला गेलो, ते वाइंडिंगला. स्वतः बांधलेल्या मशीनचा आवाज ते फोनवर ओळखतात.

मूर्तिजापूरला चहा घेतला. अकोल्यात पोचेपर्यंत ऊन इतकं चढलं होतं की रस्त्यावर नुसते दुपट्टे बांधलेले चेहरे, माणूस ओळखू येत नव्हता. मीही डोकं बांधलेलं होतं.

भगवंतरावांनी करंटची गळती मोजायचा मेगर लावला. "थोडं लिकेज आहे देवरावभाऊ. वायरीचं जुनं कातडं आहे, घाम येतेच. पण यानं झटका नाही बसाले पायजे." मग त्यांनी त्यांच्याच दुकानात मशीन चालू केलं, चप्पल काढली आणि उलटा हात बॉडीला लावला. काही नाही. मलाही लावायला लावला. काही नाही. अर्धा तास रॉड मारले, पुन्हा लावला. काही नाही.

"घरीच काहून मारते मंग?" ते म्हणाले. "अर्थ पाहिला?"

"नवाच लावला."

"मंग घरी काय बदललं? मशीन तेच, लाइन तेच. काही त बदललं असंल."

मी विचार केला. "काहीच नाही," म्हटलं. "सगळं जसंच्या तसं आहे."

त्यांनी डबा सोडला, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि कांदा. "दुपट्टा त सोडा, सावलीत बसले तुमी," म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, गरम हवा लागते. जेवताना विचारलं, घरची सगळी बरी? बरी आहेत, म्हटलं. मग त्यांच्या पोरीच्या लग्नाचं बोलणं निघालं आणि मला सुटल्यासारखं झालं.

वाइंडिंगवर वॉर्निशचा हात मारून दिला. मशीन परत आणलं.

२२ एप्रिल, मंगळवार

घरी लावलं. संध्यानं बोटाची पाठ टेकवली आणि माझ्याकडं नुसतं पाहिलं.

अकोल्यात गरीब गाय आणि आमच्या अंगणात आलं की लाथ मारते. हे मशीन आहे की सोयरा?

२४ एप्रिल, गुरुवार

आज जरा जास्त झालं.

नळ आला होता. संध्या पाणी भरता भरता माझी हाक ऐकून शेडमध्ये आली. मीच म्हटलं होतं, करंट कमी कर लवकर, पत्रा जळतोय. ती ओल्या पायांनी, बिनचपलेची आली आणि फडकं न घेता हँडल धरलं. तिच्या तोंडातून आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. मशीननं तिला फेकलं म्हणावं की तीच मागे पडली, सांगता येत नाही. खांदा अँगलच्या ढिगावर आपटला.

मी मेन पाडला. माझ्या हातातला होल्डर केबलवर पडला होता आणि रॉड लाल होता, केबल जळाली असती, म्हणून आधी तो उचलून बाजूला ठेवला. मग संध्याला उठवलं. शुद्धीवर होती. तळहात पांढरा पडलेला, खांद्याला खरचटलं होतं. डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, काळजीचं काही नाही म्हणाले. घरी आल्यावर चहा मीच केला.

संध्याकाळपासून ती माझ्याशी बोलली नाही. खांदा दुखत असावा.

२५ एप्रिल, शुक्रवार

खांदा दुखत नव्हता. सकाळी भाकरी थापताना, तव्याकडं पाहत म्हणाली, "तुमी पयले रॉड उचलला."

मी म्हटलं, केबल जळाली असती.

"मी मेली असती तरी रॉडच उचलला असता तुमी. मंग केबल गुंडाळली असती. मंग मेन पाडला का नाही ते पुन्हा पाह्यलं असतं. मंग मी."

मेन आधीच पाडला होता, हे मी तिला सांगितलं. ती हसली, पण तिला हसू आलेलं नव्हतं.

"आईच्या टायमाले मी म्हटलं, चालते, एखाद्याले नाही येत रडू. पण हे असं नाही चालत जी. माणूस आहे घरात का खांब आहे, हे मले हात लावून पाहावं लागून राह्यलं. आता मशीन नीट झाल्याबिगर मी शेडीत पाय ठेवत नाही. मशीन नीट होवो नाही त तुमी. जे आधी होईन ते."

भाकरी चांगली झाली होती. खाल्ली. तिचं म्हणणं खरं आहे हे मला समजतं. समजतं, पण पोचत नाही. काल ती पडली तेव्हा मला जे वाटायला हवं होतं ते वाटलं नाही आणि हेच लिहिताना थोडं भ्यायला झालं. थोडंच.

२६ एप्रिल, शनिवार

भगवंतरावांना फोन लावला. संध्याला झटका बसला हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी ती कशी आहे ते विचारलं. मग म्हणाले, "फेज आणि घरच्या अर्थाच्या मदी बल्ब लावा. मी थांबतो फोनवर."

आधी फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, लख्ख पेटला. मग फेज आणि घरच्या अर्थात. नुसती आतली तार लाल झाली, विडीच्या टोकासारखी.

"मंग तुमच्या घराले अर्थच कमी पडून राह्यला भाऊ. तुमी त म्हणे नवा लावला."

"नवाच आहे. चिमटा, वायर, सगळं."

ते हसायला लागले. "तो तुमचा वेल्डरचा अर्थ हो. मी जमिनीतला विचारत होतो. दोघं एका बाकावर बसलो आणि अर्थ आपले दोन निघाले."

मग त्यांनी समजावलं, ते मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि वेळेवर सुचणं वेगळं. मशीनमधलं लिकेज आजचं नाही, वर्षानुवर्षांचं असेल. अर्थ चांगला असला की ते चुपचाप जमिनीत उतरून जातं, कोणाला पत्ता लागत नाही. काळी माती उन्हानं सुकली की आक्रसते, अर्थासाठी गाडलेली प्लेट सोडून देते. मग करंटला जायला वाट राहत नाही, आणि जो हात लावेल तोच वाट होतो.

"उन्हाळ्यात तिले पाणी पाजा लागते," ते म्हणाले. "कोणी पाजत नव्हतं का तुमच्याकडं?"

नाही बुवा, म्हटलं. आमच्या घरी अर्थाला कोणी पाणी पाजल्याचं मला आठवत नाही.

२७ एप्रिल, रविवार

अर्थाची वायर शेडच्या भिंतीवरून खाली उतरते आणि फरशीखाली जाते, एवढंच मला माहीत होतं. अठरा वर्षांपूर्वी ही अर्थिंग बसली तेव्हा मी परतवाड्याला एका गोदामाच्या शटरच्या कामावर होतो. संध्या माहेरी गेलेली, घरी आई एकटी होती. मी परत आलो तेव्हा खड्डा बुजला होता, त्यावर फरशी बसली होती आणि तुळस जागेवर होती.

आज फरशीच्या सांधीतून वायर कुठं जाते ते खरवडत गेलो. तुळशीच्या मागे गेली. पाइपचं तोंड. ज्यावर वाटी होती ते.

संध्याला हाक मारली. ती शेडमध्ये येत नाही, पण अंगणात आली.

"या पाइपात काय जाते?"

"आई त्यात बादली ओतत होत्या रोज. मी समजे, तुळशीचंच काही असंल."

कुंपणापलीकडं बेबीताई निशिगंध निवडत बसल्या होत्या. "अवं, तुमाले मालूम नाही?" त्या उठूनच आल्या. "तो लायटीवाला सांगून गेलता बुढीमायले. म्हणे, आजी, तुयशीले तांब्या आन् या पाइपात बादली, नाही त तुमच्या पोराले मशीन मारीन. तवापासून तिनं दिवस नाही सोडला. अंगात ताप असला का मले कुंपणावरून सांगे, बेबी, आज तू पाज. आन् वाटी झाकजो वरून, कचरा जाते."

मी खाली बसलेलोच होतो, तसाच राहिलो.

"आन् पाजून झालं का तुमाले हाक द्याची नं. देवा, पाजलं रे बा. मंग तुमचं मशीन सुरू."

"ती देवाले सांगत होती," मी म्हटलं.

बेबीताईंनी संध्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "देव कायले मशीन लावते भाऊ? तुमालेच सांगे ते."

लहानपणी मी देवाच होतो. नांदगावच्या बाजूला आमचं शेत, बांधावर उभी राहून आई तशीच हाक मारायची, भाकर आणली रे देवा. लग्न झालं आणि एक दिवस तिनं ठरवलं की सुनेसमोर पोराला असं बोलावणं बरं दिसत नाही. तेव्हापासून मी देवराव. चार माणसांसारखा. मला वाटलं, ते नाव संपलं.

अठरा वर्षं मी ती हाक ऐकून मेन वर करत आलो. हाक मला होती.

बादली आज भरली नाही. का भरली नाही ते सांगता येत नाही. पाइपच्या तोंडाशी बसून राहिलो, ऊन अंगावर आलं तेव्हा उठलो.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आज पितरांची घागर भरतात. सहदेवचा सकाळी फोन आला, म्हणाला, म्हातारे सांगून राह्यले, वर्ष झाल्याबिगर आईची घागर भरत नाही. बरं, म्हटलं. घागर नाही तर नाही.

नळ आला होता. बादली भरून अंगणात ठेवली आणि आधी शेडमध्ये गेलो. बूट काढले. इतके दिवस मला लागत का नव्हतं हे अगदी साधं आहे, मी रबरी तळाच्या बुटांत असतो. भगवंतरावांनी चप्पल काढून हात लावला होता, मी घरी एकदाही तसं केलं नाही. मेन वर केला. जमिनीवर अनवाणी उभा राहिलो आणि उलटा हात मशीनला लावला. असं करू नये, हे मीच चार पोरांना शिकवलंय. लागलं. कोपरापर्यंत लागलं, दात एकमेकांवर आपटले.

मेन पाडला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. संध्या याच्यासोबत रोज काम करत होती आणि मी तिला फडकं दिलं होतं.

मग बादली ओतली. पाइपानं ती घटाघट घेतली, तहानलेलं जनावर पितं तशी. दुसरी ओतली, तिसरी ओतली. नळ जाईपर्यंत ओतत होतो. भेगा ओल्या होऊन काळ्या दिसायला लागल्या. थोडा वेळ जाऊ दिला आणि बल्ब लावला. लख्ख नाही म्हणता येणार, पण पेटला. मेन वर केला, उलटा हात लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही.

संध्या शेडच्या दारात उभी होती, अनवाणी.

"मी लावू?" म्हणाली, आणि माझं उत्तर यायच्या आत तिचा हात हँडलकडं गेला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं, छातीत असं धडधडत होतं की कानात ऐकू येत होतं. मी नुकतंच दोनदा तपासून पाहिलं होतं. तरी मला भीती वाटली, इतकी की मनगट सोडता येईना. ती मेली असती. त्या दिवशी ती मेली असती आणि मी रॉड उचलत होतो.

संध्यानं मनगट सोडवून घेतलं नाही. "आता वाटलं नं काही," एवढंच म्हणाली.

बऱ्याच वेळानं मी सोडलं तेव्हा तिनं बोटाची पाठ हँडलला टेकवली. मग तळहात ठेवला. मग मांडणीवरची स्टीलची वाटी आणून पाइपावर पालथी घातली.

३ मे, शनिवार

सकाळी बादली मी ओतली. ओतून झाल्यावर तिथंच उभा राहिलो. कोणाला सांगायचं ते कळेना. मग संध्याला म्हटलं, पाजलं. ती ओट्यापाशी होती, तिथूनच "हो जी" म्हणाली. मेन वर केला. तिनं करंट लावून दिला आणि आम्ही दोन स्टँड पूर्ण केले.

दुपारी भगवंतरावांचा फोन आला. मी सगळं सांगितलं, पाइप, पाणी, बल्ब. त्यांना समाधान वाटलं. नुसत्या पाण्यावर विसंबू नका म्हणाले, खड्डा उकरून कोळसा-मीठ नव्यानं भरा, प्लेट पाहा, आणि लिकेज झालं की आपोआप पडणारा ब्रेकर बसवा. पावसाळ्यात मशीन घेऊन या, कातडंच बदलून टाकू.

"पण मले एक सांगा देवरावभाऊ," ते म्हणाले. "इतके वर्षं बरोबर चाललं. मंग यंदाच काहून? मी विचारलं होतं तुमाले, घरी काय बदललं. तुमी म्हणे काहीच नाही."

संध्या समोर बसून पत्रा पुसत होती. तिनं सवयीनं हात पुढं केला, फोन घ्यायला.

"माय गेली," मी म्हणालो.

पलीकडं त्यांच्या दुकानात काहीतरी फिरत होतं, त्याचा आवाज बंद झाला.

"कवा?"

"मार्चात."

"म्हणजे तुमी आलते तवा..."

"तवा गेलेलीच होती."

"म्हणून दुपट्टा सोडत नव्हते तुमी," ते म्हणाले. "माह्या समोर बसून जेवले. सांगायचं त होतं रे देवा."

देवा ते मला म्हणाले की आपोआप तोंडातून निघालं, माहीत नाही. मी रडायला लागलो. फार वाईट रडलो, नाकातोंडातून, लहान पोरासारखा, आणि ते पलीकडं थांबून राहिले. रडता रडता मी त्यांना सांगत होतो की ती रोज सकाळी एक बादली घेऊन जायची, ताप असला तर बेबीताईला सांगायची, आणि झाल्यावर मला हाक मारायची. संध्याचा हात अजून पुढं होता. फोन मी तिला दिला नाही.